बोऱ्याची गोधडी

आमचे हे मिलमधून आले की अंगणातच शर्ट काढून खुंटीला अडकवायचे आणि न्हाणीकडे वळायचे. त्यांची पाठ वळली की मी तो शर्ट उचलून नाकाला लावायची. सांगायला लाज वाटते, पण एवढं लिहायला बसले तर तेच कशाला लपवू? मी बिडीचा वास शोधत होते. वास यायचा तो धानाचा, थोडा कुबट, थोडा गोडसर. बिडीचा कधी आला नाही. मंग मला वाटायचं, हा माणूस बिडी ओढून वरून बडीशेप खात असेल. म्हणून मी खिशात बडीशेप शोधायची.

खिशात निघायचा गूळ.

आमच्या गावापासून सायकलनं अर्ध्या तासावर, गोंडपिपरीकडे जाणाऱ्या रस्त्याला राईस मिल आहे. तिथं यांचं काम खड्ड्यावरचं. ट्रॅक्टरमधून धानाचे बोरे, म्हणजे तागाची पोती, उतरवायचे, तोंडाची सुतळी ओढून उसवायची आणि जमिनीतल्या खड्ड्यात धान ओतायचं. तिथून पट्टा धान वर यंत्रात नेतो. बोरा रिकामा झाला की त्याचे दोन कान धरून असा झटकायचा, की एक दाणा आत राहू नये. लक्ष्मी आहे ती, पायदळी जाऊ नये. यांच्यासारखा बोरा झटकणारा मिलमध्ये दुसरा नव्हता. झटकला की असा ढग उठायचा, की माणूस कंबरेपासून वर दिसायचाच नाही. मी दोन हंगाम त्या मिलचं अंगण झाडलं आहे, डोळ्यांनी पाहिलं आहे. पण भीती कोणालाच वाटायची नाही. दगडाच्या खाणीतली धूळ वाईट, सिमेंटची वाईट. धानाची धूळ म्हणजे अन्नाचीच ना? अन्न कोणाला मारते का?

आणि वरून गूळ होताच. सुट्टी व्हायच्या वेळी मुकादम प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा ठेवायचा. गुळाला धूळ चिकटते, पोटात उतरते, सकाळी निघून जाते, छाती साफ. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. माझ्या सासऱ्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. हे अर्धा खडा तिथं खायचे आणि अर्धा माझ्यासाठी खिशात आणायचे. पंचवीस वर्षं आणला. बडीशेप शोधणारी बाई तो गूळ खायची आणि तरी संशय सोडायची नाही, अशी मी.

खोकला सुरू झाला तो आधी सकाळचा होता. मंग दिवसभराचा झाला. मंग छातीत पिपाणी वाजायला लागली. श्वास आत घेतला की बारीक, बाहेर सोडला की लांब. शेजारची बाई कुंपणावरून विचारायची, "काय व, तुह्या घरी वरात आली का? पिपाणी आयकू येऊन राह्यली."

"तुले येते का नाचाले?" मी म्हणायची. हसायची. आत येऊन मात्र यांच्या छातीला कान लावायची.

चहाच्या टपरीवर एक दिवस मीही यांच्यासोबत होते. टपरीवाल्यानं सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला आणि यांना कागदी कपात. हे फुंकून प्याले. मी मात्र तो कप पाहत राहिले. गावात काय कुजबुज चालली आहे ते त्या कपानं सांगितलं. मंग मलाही तोच संशय आला. टीबी असेल आणि हा माणूस लपवत असेल. मी त्यांची ताटली वेगळी घासायला लागले. त्यांना कळू नये म्हणून सगळ्यांच्याच ताटल्या दोनदा घासायची.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, काही निघालं नाही. पुन्हा तपासली, पुन्हा नाही. डॉक्टर तरुण होता, शांत बोलायचा. त्यानं काय काम करता ते विचारलं आणि मंग म्हणाला, "काका, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? मिल बंद असली की खोकला कमी होतो का?"

यांनी तोंड उघडलं. पण आमच्या घरात दवाखान्यात, बँकेत, शाळेत बोलते मी. मीच बोलले, "नाई जी. रविवारी तं दिवसभर लोळून राह्यतेत, आन दिवसभर खोकलतेत. उलट जास्तच."

डॉक्टरनं मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. "मग मिलचं नसावं," म्हणाला. बिडी सोडा, चुलीचा धूर टाळा, या गोळ्या घ्या. यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती, पण माझ्याकडे पाहून गप्प बसले. माझं ते एक वाक्य किती महागात पडलं ते मला दीड वर्षानं कळलं.

आता एक खोड लक्षात घ्या, कारण माझा पुढचा सगळा संशय तिथून उठला. हे दरवर्षी होळीनंतर आठ दिवस बहिणीकडे जायचे. बहीण म्हणजे माझी नणंद, तिचं घर सिरोंच्याच्या बाजूला, गोदावरीच्या काठाजवळच्या एका गावात. तिथल्या घरात निम्मं तेलुगू बोलतात. आणि तिथून हे यायचे ते कसे? ताजे! चालताना दम नाही, छातीत पिपाणी नाही, बसस्टॉपपासून घरापर्यंत पिशव्या घेऊन न थांबता येणारे. घरात पाय टाकून दोन दिवस झाले की खोकला हजर.

शेजारीण म्हणायची, "तुले पाह्यलं का खोकलते व तुहा नवरा."

ती गमतीनं म्हणायची. मला मात्र ते लागायचं. मिलवर खोकला, घरात खोकला, रविवारी घरातच खोकला, आणि तिकडे आठ दिवस काहीच नाही. म्हणजे तिकडे काय आहे? की तिकडे कोण आहे? साठीला टेकलेल्या माणसाबद्दल असा विचार करते म्हणून हसाल. हसा. मी आरशात पाहायची आणि विचार करायची, आपलंच काही चुकते का? हळद जास्त टाकतो का? मिरचीची फोडणी? मी फोडणी अंगणात द्यायला लागले. गॅस आला तरी जपून ठेवलेली चूल मोडून टाकली. खोकला गेला नाही.

त्या वर्षी होळी झाली आणि हे पिशवी भरायला लागले. मी म्हटलं, "मी बी येते."

"कायले?"

"ननंदेले भेटाले."

"तुले कवापासून ननंद आठवाले लागली व?"

"आजपासून."

ते एकदा बारीक हसले. ते हसणंही मला संशयाचंच वाटलं.

नणंदेकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी गोधडी घेतली. इथं गोधडीचं सांगायला पाहिजे. मिलमध्ये फाटके बोरे निघतात. मुकादम ते कामगारांना फुकट द्यायचा. "न्या बाई, पाह्यजे तेवढे," म्हणायचा. मी ते उसवून, झटकून, तीन बोरे एकावर एक ठेवून, वरखाली जुनी लुगडी लावून शिवायची. बोऱ्याची गोधडी. जाड आणि गरम, जमिनीची ओल वर येऊ देत नाही. माझा टाका गावात प्रसिद्ध होता. बायका टाका पाहायला यायच्या. बोरा मी धुवायची मात्र नाही. ताग धुतला की कडक होतो, मंग अंगाला रुततो. आमच्याकडे कोणीच धूत नाही, नुसता झटकतात. घरात दोन जाड गोधड्या होत्या, दोन्ही यांच्या अंगाखाली. दिवसभर बोरे वाहिलेली पाठ आहे, मऊ जागा त्यांचीच. मी आपली चटईवर.

आष्टी, आलापल्ली, असं करत बस सिरोंच्याकडे निघाली. रस्ता असा की खड्ड्यात बस उडाली की मांडीवरची गोधडीही उडायची. हे खिडकीला डोकं टेकून खोकत होते. समोरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पदर काढला आणि पुन्हा लावला.

नणंद दारातच उभी होती. "वयनी! तुमी बी आल्या? सूर्य कोनीकडून निंगाला?" तिनं गोधडी हातात घेतली, टाके बोटांनी चाचपले. "माय, माह्या माहेरची गोधडी!" आणि ती घडी तशीच कपाटावर ठेवली. कोणी पाहुणा आला की काढीन, म्हणाली.

तीन दिवस मी पहारा केला. दुसरा शब्द नाही त्याला. हे नदीवर गेले तर मी नदीवर. हे मासे धरणाऱ्यांशी गप्पा मारायला बसले तर मी दहा हातांवर पाटी घेऊन बसलेली. नणंदेची म्हातारी सासू मला पाहून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. नणंदेनं सांगितलं, "सासूबाई म्हनते, हे नवऱ्यावर राखन ठेवाले आली का?" मी पण हसले. करणार काय, खरंच होतं.

कोणी बाई निघाली नाही, सांगून टाकते. निघालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी यांचा खोकला कमी झाला. तिसऱ्या दिवशी हे नदीचा काठ चढून आले आणि वर येऊन गाणं गुणगुणत होते. गाणं! मी किती वर्षांनी ऐकलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला राग आला. माझ्या घरात असं काय आहे, की हा माणूस तिथं मरतो आणि इथं गातो?

उकाडा सुरू झाला होता, म्हणून हे अंगणात उघड्या खाटेवर झोपायचे. नुसती सुंभाची खाट, खाली काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ आलं, गार वारा सुटला. नणंद म्हणाली, "आज भाऊ माहेरच्या गोधडीवर झोपन." आणि तिनं कपाटावरून माझी गोधडी काढून खाटेवर अंथरली. मला बरं वाटलं. पाहा, आपला टाका कामी आला.

उजाडलं तेव्हा हे खाटेच्या कडेला बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर, मान पुढे, आणि छातीत तीच पिपाणी. ओठ निळसर. मी धावले, पाठ चोळली, कोमट पाणी दिलं. आणि पहिला संशय कोणावर घेतला असेल? नणंदेवर.

"बाई, रातच्या मासोळीत काय टाकलं होतं?"

"काय टाकनार वयनी? मीठ, मिरची, चिच."

"तेल जुनं होतं का?"

तिचा चेहरा उतरला. "तुमी असं काऊन बोलता? माहा भाऊ हाये थो. मी त्याले वाईट तेल खाऊ घालीन का?"

ती उत्तराची वाट न पाहता उठली. राग आला की बायकांचे हात कामाला लागतात. तिनं खाटेवरची गोधडी ओढली, कुंपणाच्या बांबूवर उन्हात टाकली आणि काठी घेऊन बडवायला लागली. पहिलीच काठी बसली आणि उन्हात ढग उठला. करडा, दाट, मधे बारीक चमकणारे कण. म्हातारी सासू पायरीवर बसली होती, ती नाकाला पदर लावून ओरडली, "दुम्मु! दुम्मु!" म्हणजे धूळ. वारा आमच्या बाजूचा होता. ढग यांच्यापर्यंत गेला आणि नुकताच बसलेला खोकला पुन्हा उसळला.

मी जागेवरच उभी राहिले. तो ढग मी ओळखत होते. तो मिलच्या खड्ड्यावरचा ढग होता.

तरी मी संशयी बाई, एकदा पाहून विश्वास ठेवते होय? दम बसू दिला. मंग यांना उठवून अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, बसवलं. नणंदेच्या हातातली काठी घेतली आणि मी स्वतः बडवलं. हे शांत. जरा वेळानं वारा फिरला, एक झुळूक त्यांच्याकडे गेली, आणि खोकला.

"काय करून राह्यली व?" हे धापा टाकत म्हणाले. "माह्यावर परयोग करते का?"

मी नणंदेकडून दाढीची पत्ती घेतली आणि माझेच प्रसिद्ध टाके उसवायला लागले. कोपरा उघडला. तीन बोऱ्यांच्या मधे ओंजळभर निघालं: कोंडा, धानाची कुसळं, पिठासारखी करडी भुकटी, आणि त्यात मेलेले, जिते सोंडे किडे. चिमटीत धरलं तर बोटं खाजायला लागली. आणि ही तर नवी गोधडी, एक रात्र अंथरलेली. घरच्या दोन तर आठ वर्षं यांच्या नाकाखाली.

तेव्हा डॉक्टरचा तो प्रश्न आठवला. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? अन् मी काय म्हटलं होतं? रविवारी दिवसभर लोळतात. कशावर लोळतात ते त्यानं विचारलं नव्हतं, आणि मला सांगायचं सुचलं नव्हतं. मिलची सुट्टी यांना कधी झालीच नव्हती. मी मिल घरी आणून अंथरली होती, मऊ म्हणून, मायेनं.

मी तिथंच कुंपणाजवळ बसले. नणंद जवळ आली. मी तिचा हात धरून म्हटलं, "बाई, तुह्या मासोळीत काई नव्हतं. माह्या गोधडीत होतं." ती म्हणाली, "मंग आज पुन्ना मासोळी करू का?" तिनं केली. मी दोनदा वाढून घेतली.

गावी आल्यावर पहिलं काम, दोन्ही गोधड्या शेताच्या बांधावर नेऊन जाळल्या. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहून. दुसरं काम दवाखाना. तालुक्याच्या डॉक्टरनं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि चंद्रपूरला पाठवलं. तिथं मॅडम होती, नातीच्या वयाची. तिनं यांना एका नळीत फुंकायला लावलं, जोरात, पुन्हा जोरात, पुन्हा. हे फुंकून लाल झाले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं तं मी चूल बी फुकली नसन." मॅडमनं आलेख दाखवला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण ती रेघ चढायच्या जागी लवकर बसकण मारत होती, तेवढं दिसलं.

मी विचारलं, "गोधडीचंच होतं ना हे?"

"आजी, गोधडीत धूळ कुठली होती?"

"मिलची."

"मग?"

मी गुळाचं विचारलं. ती हसली नाही, म्हणून मला आवडली. म्हणाली, "गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत. दोघांची वाटच वेगळी आहे. त्यांची भेट होत नाही." तोंडात ओढायचा पंप लिहून दिला आणि यांच्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, गोधडी तर आजींनी जाळली. आता खड्डा सोडा. नाहीतर पुढच्या वर्षी फुंकायला दमच उरणार नाही."

ते ऐकून यांचा चेहरा पडला. खड्डा म्हणजे यांची पाटीलकी होती. मी म्हटलं, आपण मुकादमाशी बोलू, दुसरं काम मागू. जेवणाच्या सुट्टीत गेलो. मी भोळी, सगळं खरं सांगून टाकलं. गोधडी, नदी, नळी, सगळं.

मुकादम मांडीवर थाप मारून हसला. "पाहा! म्हनजे बाई, तूच केलं ना हे? आन मिलले नाव ठेवाले आली? आयका रे, बाईच्या गोधडीनं भाऊले खोकला लागला!"

जेवायला बसलेली माणसं हसली. हे खाली पाहत होते. मला वाटलं, जमीन फाटावी. कारण अर्धं खरं होतं ना ते.

पण दुसरं अर्धंही खरं होतं. मी म्हटलं, "भाऊ, त्या गोधडीत का माह्या घरची राख होती? तुमच्याच बोऱ्याची धूळ होती. रातच्या धुळीनं माणूस आजारी पडते, मंग दिवसाच्या धुळीनं का धडधाकट होते? आन एक सांगा, तुमी फुकट वाटता, पन तुमच्या घरी बोऱ्याची गोधडी हाये का?"

त्याचं हसणं थांबलं. "आमच्या घरी गाद्या हायेत," म्हणाला.

हे मी विसरले नाही, आजही नाही. त्याला ठाऊक होतं का? की नुसत्याच गाद्या होत्या? गूळ वाटताना तो स्वतः खायचा नाही, हे मला त्या क्षणी आठवलं. मी कोणावर आळ घेत नाही. पण आठवलं.

मंग तो मऊ झाला. यांना गेटवर बसवू म्हणाला. स्टूलवर बसायचं, ट्रॅक्टर मोजायचे, आराम. हे खूश झाले. मी नाही झाले. गेट कुठं आहे ते पाहिलं. एका बाजूला कोंड्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खड्डा, मधे स्टूल. आणि मिलच्या मालकाची, सेठची, काचेची कॅबिन मात्र पार पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मिल बांधताना वारा कोणीतरी मोजला होता तर!

दुसऱ्या दिवशी मी दोन स्टीलच्या ताटल्या नेल्या, घासून लख्ख केलेल्या. दोन्हींना बोटानं गोडेतेल पुसलं. एक गेटच्या स्टूलवर ठेवली. दुसरी कॅबिनच्या खिडकीत, बाहेरून. कोणी विचारलं तर म्हटलं, पाखराले दाणे टाकते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी बांधाच्या झाडाखाली बसले, कोणी ताटल्यांना हात लावू नये म्हणून. मंग दोन्ही उचलल्या आणि सेठच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कॅबिनच्या ताटलीत माझं तोंड दिसत होतं. गेटच्या ताटलीवर केस उगवल्यासारखी करडी साय होती.

सेठ वाईट माणूस नाही. त्यानं दोन्ही ताटल्या पाहिल्या, गेटच्या ताटलीवर बोट फिरवलं आणि बोट रुमालाला पुसलं. "बघतो, काहीतरी करू," म्हणाला. पंधरा दिवसांत केलं पण. सगळ्यांना तोंडाला बांधायच्या पट्ट्या दिल्या आणि खड्ड्याजवळ पत्रे लावले. तोवर हे गेटवर बसत होते. पत्रे लागल्यावर आम्ही पाहायला गेलो. पत्रे रस्त्याच्या बाजूनं लावले होते. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आता ढग दिसत नाही. आतल्या माणसाला दिसतो, आधीपेक्षा दाट.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पत्र्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता परत खड्ड्याची सवय बोलावणार. संध्याकाळी मुकादम गूळ वाटत आला. यांनी आपला खडा घेतला, जरा वेळ तळहातावर धरला आणि परत त्याच्या डब्यात टाकला.

"हे तुमी खा, भाऊ," म्हणाले. "कॅबिनीत बसून." आणि सायकलकडे निघाले. तो त्यांचा मिलमधला शेवटचा दिवस.

आता ते शेळ्या राखतात. पूर्ण बरे झाले असं म्हणणार नाही. पंप कमरेच्या पिशवीत असतो, चढावर दोनदा थांबतात, पावसाळ्यात आवाज येतो. पंचवीस वर्षांचं आठ महिन्यांत निघत नाही, मॅडमनं सांगितलं आहे. पण रविवार आणि सोमवार सारखेच जातात.

गावात मी घरोघरी सांगत फिरले, बोऱ्याच्या गोधड्या काढा. बायकांनी माझ्यावरच संशय घेतला. फुकटचे बोरे हिला एकटीला पाहिजेत, म्हणाल्या. पिपाणीवाली शेजारीण तर दोन महिने बोलली नाही. परवा मात्र तिची गोधडी कुंपणावर येऊन पडली. तिचा नवरा खड्ड्यावर आहे, यांच्या जागी. तिनं माझ्याकडे न पाहता काठी पुढे केली. "मार मंग," म्हणाली, "पाहू दे मले." मी तिला आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं.

आणि आमचे हे आता उघड्या सुंभाच्या खाटेवर झोपतात. थंडीत खाली धुतलेली चादर तेवढी. सकाळी उठून पाठमोरे बसले की पाठीवर सुंभाच्या आडव्यातिडव्या रेघा उमटलेल्या असतात. मी रोज जवळ जाऊन पाहते. आज सकाळीही पाहत होते.

"काय हुंगून राह्यली व?" मान न वळवता म्हणाले. "बिडी?"

म्हणजे ठाऊक होतं! एवढी वर्षं खुंटीवरचा शर्ट, सगळं ठाऊक होतं या माणसाला, आणि एक शब्द नाही.

"रेघा पाह्यते," मी म्हटलं.

"मोज मंग," म्हणाले, आणि शेळ्या सोडायला उठले. मी अंगणात थांबले. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडून येईपर्यंत थांबायची मला आता सवय आहे. आला. शेळीला शिवी दिली त्यांनी, लांबलचक, मधे न थांबता.